एफआयआरमधली "दारूच्या अंदाजे 100 बाटल्या" ही ओळ आधी दुरुस्त करून घ्या

प्रश्न थोडक्यात असा. पुण्यात बंगला, गणपतीला पाच दिवस कोकणात गावी गेले होते, मागच्या दाराचा कडीकोयंडा तोडून घरफोडी झाली. दागिने बँकेच्या लॉकरमध्ये होते म्हणून वाचले, पण बारा वर्षं जमवलेल्या साधारण 110 वाईनच्या बाटल्या गेल्या. त्यात इटलीची बरोलो, फ्रान्सची बोर्दो, आपल्याकडच्या फ्रातेलीच्या थोड्या जुन्या सेत्ते आणि मुलीच्या जन्मसालाची एक मॅग्नम, म्हणजे दीड लिटरची मोठी बाटली. वाईन फ्रिजचं दार सताड उघडं टाकून चोर गेले, तळाच्या खणात सहा बाटल्या उरल्या. एफआयआरमध्ये लिहिलं गेलं "दारूच्या अंदाजे 100 बाटल्या, किंमत अंदाजे 50,000" आणि हे लाजून सही करून घरी आले. एजंट म्हणतो दारू कव्हर होत नाही, सोडून द्या.

मी जनरल इन्शुरन्सचा सर्व्हेयर आहे, म्हणजे क्लेम आला की नुकसान तपासून मोजणारा, 22 वर्षं आग, पाणी, घरफोडी हेच बघतोय. वाईनच्या केसेस बोटांवर मोजण्याइतक्या आल्या, पण प्रत्येकीत घोळ एकाच जागी झालेला, माल काय होता हे कागदावर नीट आलंच नाही. चोर बाटल्या नेतो ते एक नुकसान, आणि आपण ठाण्यात लाजेपोटी जे बोलून येतो ते दुसरं, आणि दुसरं जास्त महाग पडतं.

लाज वाटणं मला समजतं. घरात सासूबाईंना माहीत नसतं की जिन्याखालच्या त्या कपाटात नेमकं काय आहे, ठाण्यात अंमलदार विचारतो "एवढी दारू कशाला हो ठेवली होती घरात?", बाजूच्या बाकावर सोसायटीतलेच कोणी बसलेले, आणि डोक्यात उद्याच्या पेपरची हेडलाईन फिरते, "बंगल्यातून लाखोंची दारू लंपास". मग माणूस म्हणतो लिहा काय लिहायचं ते. पण साहेब, सोनं गेलं असतं तर तुम्ही "पिवळ्या धातूच्या काही वस्तू" असं लिहू दिलं असतं का?

तर आजचं काम एकच. एफआयआर खोडता येत नाही, पण पुरवणी जबाब देता येतो. तपास अधिकारी जे पीएसआय असतील त्यांना भेटा, सांगा की त्या रात्री गडबडीत नीट आठवलं नाही, आता सविस्तर यादी तयार केलीय, ती पुरवणी जबाबात घ्या. यादी दोन प्रतीत न्या आणि आपल्या प्रतीवर पोच घ्या, शिक्का आणि तारखेसकट. एफआयआरची प्रत फिर्यादीला फुकट मिळते, बीएनएसएसच्या (जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या) कलम 173 मध्ये तसं स्पष्ट आहे, नसेल घेतली तर तीही घ्या आणि कलमं कोणती लावलीत ते बघा. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, घरातल्या चोरीला 305 आणि घरफोडीला 331. 331 आहे की नाही हे मुद्दाम बघायला सांगतोय, कारण पुढे पॉलिसीत त्याचा संबंध येतो.

आता यादी कुठून आणायची, कारण तुम्ही म्हणता रजिस्टर कधी ठेवलंच नाही. कोणीच ठेवत नाही. पण फोन बघा. व्हिव्हिनो या वाईनच्या अॅपवर लेबलं स्कॅन करायची सवय असेल (बारा वर्षं जमवणाऱ्याला असतेच) तर तुमचा अर्धा पुरावा तिथे पडलाय, लेबलचा फोटो, व्हिंटेज (द्राक्षं कुठल्या सालची ते), स्कॅन केल्याची तारीख. मग गूगल फोटोज. त्यात दिवाळीच्या, वाढदिवसाच्या, मित्र जेवायला आल्याच्या फोटोंत मागे तुमचा रॅक दिसतो का बघा, झूम करा. माझ्या एका केसमध्ये पोराच्या मुंजीच्या आदल्या दिवशीच्या व्हिडिओत मावशी कॅमेऱ्यासमोर बोलतायत आणि मागे रॅक पूर्ण दिसतोय, कॅप्सूलच्या, म्हणजे बाटलीच्या तोंडावरच्या वेष्टनाच्या, रंगावरून 40 बाटल्या ओळखता आल्या. मावशींना अजून माहीत नाही. व्हॉट्सअॅपवर वाईनवाल्या मित्रांचा ग्रुप असेल तर तिथे "आज ही मिळाली" म्हणून टाकलेले फोटो, क्रेडिट कार्डाची स्टेटमेंट, दुकानदाराची ईमेल बिलं, नाशिकला वायनरीत गेलात तिथली पावती, यूपीआयची हिस्ट्री. ड्युटी फ्रीच्या पावत्या तर सोन्यासारख्या, त्यावर बहुतेक वेळा फ्लाइट आणि पासपोर्टचा तपशीलही असतो. पावती हरवली असली तरी पासपोर्टवरचा शिक्का आणि त्याच दिवसाचं कार्ड स्टेटमेंट जुळवून दाखवता येतं.

रिकामे लाकडी खोके, टिश्यू पेपर, कार्टन माळ्यावर असतील तर फेकू नका. रिकाम्या रॅकचे फोटो काढा, धुळीत बाटलीच्या बुडाचे गोल उमटलेले असतात, ते मोजता येतात. हे सगळं घरच्या बाईंनी किंवा मदतनीस मावशींनी झाडून पुसून घ्यायच्या आधी करा, मी गेलोय तेव्हा दहापैकी आठ घरं स्वच्छ पुसलेली असतात आणि वर विचारतात "चहा घेणार ना?"

यादीत प्रत्येक ओळीला उत्पादक, नाव, साल, बाटलीचा साइज, किती नग, कधी आणि कुठून घेतली, काय दिले, आणि पुरावा काय. जिथे पुरावा नाही तिथे सरळ "आठवणीवरून" लिहा. हे प्रामाणिकपणे लिहिलं की उरलेल्या यादीवर सर्व्हेयरचा विश्वास बसतो. 110 पैकी 110 ची बिलं घेऊन येणारा माणूस आला की मलाच शंका येते. महागड्या बाटल्यांवर नंबर असेल तर तो नक्की शोधा. कॅलिफोर्नियातल्या फ्रेंच लाँड्री रेस्टॉरंटमधून 2014 च्या ख्रिसमसला 76 बाटल्या गेल्या, तीन लाख डॉलरच्या वरचा माल, बराचसा रोमाने-कोंती या फ्रेंच वायनरीचा. महिन्याभरात त्यातल्या जवळपास सगळ्या देशाच्या दुसऱ्या टोकाला, नॉर्थ कॅरोलायनातल्या ग्रीन्सबरोमध्ये एका खासगी तळघरात सापडल्या. त्या वायनरीच्या बाटलीवर प्रत्येकीला वेगळा नंबर असतो आणि रेस्टॉरंटकडे नंबर होते म्हणून "ह्या आमच्याच" असं म्हणता आलं. नाहीतर बाटली ती बाटली, कोणाचीही.

यादी ठेवली नाही म्हणून स्वतःला फार कोसू नका. पॅरिसच्या ला तूर दार्जांसारख्या जगप्रसिद्ध रेस्टॉरंटमध्ये 2024 ला स्टॉक मोजताना कळलं की 83 बाटल्या नाहीत, 15 लाख युरोच्या वरच्या, आणि आधीची मोजणी झाली होती 2020 मध्ये. म्हणजे कधी गेल्या हेच सांगता येईना.

आता तो विषय जो तुम्ही विचारला नाही पण तुमच्या पोटात गोळा आणून बसलाय. परमिट. महाराष्ट्रात दारूबंदी कायदा 1949 चा आहे, त्याखाली दारू विकत घ्यायला, बाळगायला, न्यायला, प्यायला परवाना लागतो, वाईनही त्यातच आली, आणि परवान्यावर किती बाळगता येईल याला मर्यादा असते. 110 बाटल्या म्हटल्यावर ती मर्यादा ओलांडली जाण्याची शक्यता चांगलीच आहे. घरातल्या दोघांची वेगवेगळी परमिट असतील तर ती दोन्ही शोधून ठेवा. आणि पुरवणी जबाब द्यायच्या आधी एका फौजदारी वकिलाला अर्धा तास द्या, मी वकील नाही, माझ्या शब्दावर जाऊ नका. एवढं मात्र अनुभवाने सांगतो की आकडा कमी करून सांगणं हा उपाय नाही. ठाण्यात 40 सांगितल्या आणि क्लेमला 110 लावल्या तर क्लेम तिथेच संपतो, आणि त्याला खोटा क्लेम म्हणतात.

परदेशी बाटल्यांचं तसंच. प्रवाशाला दोन लिटरची सूट असते, म्हणजे 750 च्या दोन बाटल्या, आणि त्यापलीकडे वाईनवर ड्युटी वर्षानुवर्षं 150 टक्के राहिलीय. बारा वर्षांत नवरा-बायकोने दर ट्रिपला दोन-दोन आणल्या तर आकडा सहज जुळतो, पण तो जुळवून दाखवावा लागतो. कोणीतरी "सेटिंगने" आणून दिलेल्या बिनबिलाच्या बाटल्या असतील तर त्यांचे पैसे मिळतील ही आशा सोडा.

पॉलिसीकडे येऊ. एजंट म्हणाला दारू कव्हर होत नाही, त्याला विचारा कुठल्या पानावर लिहिलंय. त्याने बहुधा वाचलेलं नाही, पण तुम्हीही नाही. तुम्ही लिहिलंय की पॉलिसी होम लोनबरोबर बँकेने दिली. तर ती बहुतेक भारत गृह रक्षा असणार, 1 एप्रिल 2021 पासून घरांसाठी हीच स्टँडर्ड पॉलिसी आहे. ती मुळात आग, पूर, भूकंप वगैरेची. त्यात चोरी आहे, पण फक्त अशा घटनेमुळे आणि घटनेनंतर सात दिवसांच्या आत झालेली, म्हणजे पूर आला, घर उघडं पडलं, आणि सामान गेलं. नुसती घरफोडी त्यात येत नाही. हे ऐकून लोक माझ्यावरच चिडतात, पण त्यांनी दहा वर्षं हप्ता भरलाय तो आगी-पुराचा. म्हणून आधी बघा की सोबत बर्गलरीचं, म्हणजे घरफोडीचं, वेगळं कलम किंवा अॅड-ऑन घेतलंय का, की वेगळी हाउसहोल्डर पॅकेज पॉलिसी आहे. कित्येकदा बँकेने ते कलम गुपचूप जोडलेलं असतं आणि मालकाला पत्ता नसतो, तेव्हा पूर्ण शेड्यूल (काय काय कव्हर आहे आणि किती रकमेचं, त्याचा तक्ता) मागवा, एका पानाचं सर्टिफिकेट नको.

बर्गलरी असेल तर चार गोष्टी बघायच्या. पहिली, आत शिरताना किंवा बाहेर पडताना जोरजबरदस्तीची खूण लागते. सुप्रीम कोर्टाचा 2004 चा युनायटेड इंडिया विरुद्ध हरचंद राय चंदनलाल हा निकाल आमच्या धंद्यात पाठ असतो, पॉलिसीत बर्गलरीची व्याख्या बळजबरीने प्रवेश अशी असेल तर साधी चोरी त्यात बसत नाही. तुमचा कडीकोयंडा तुटलाय, म्हणजे तुम्ही इथे सुदैवी, आणि एफआयआरमधलं 331 इथेच कामी येतं. तो तुटका कोयंडा सुताराकडून बदलून घेतला असेल तर जुना भंगारात टाकू नका, पंचनाम्यात आला नसेल तर आणवा. दुसरी, घर किती दिवस बंद होतं. बंद घराबद्दल प्रत्येक पॉलिसीत दिवसांची अट वेगळी असते, तुमचे पाच दिवस बहुतेक चालून जातील तरी वाचा. तिसरी, कंपनीला लेखी कळवलंत का? एजंटला फोन केला हे कळवणं नव्हे. आज ईमेल करा, उशीर झाला असेल तर कारण लिहा.

चौथी गोष्ट सगळ्यात जास्त मारते, अंडर-इन्शुरन्स. समजा घरातलं सगळं सामान, फर्निचर, टीव्ही, भांडीकुंडी, वाईन, मिळून 40 लाखांचं आहे आणि बर्गलरीसाठी सम इन्शुअर्ड 10 लाख घेतलंय. चोरी झाली सहा लाखांची. लोकांना वाटतं सहा हे दहाच्या आत आहे, पूर्ण मिळतील. नाही. तुम्ही पाव भागाचाच विमा उतरवलात म्हणून पावच मिळतो, दीड लाख. पॉलिसी फर्स्ट लॉसवर (एका चोरीत जास्तीत जास्त जेवढं जाईल तेवढ्याचाच विमा) असेल किंवा अंडर-इन्शुरन्स माफ केलेला असेल तर गोष्ट वेगळी, म्हणून ते शब्द शोधा. आणि एखाद्या एका वस्तूसाठी किंवा खाण्यापिण्याच्या सामानासाठी कमाल मर्यादा घातलीय का तेही. काही पॉलिसींत खरंच अशी ओळ असते, मग एजंट चुकून बरोबर ठरतो.

किंमत कशी धरायची यावर माझं आणि क्लेम करणाऱ्यांचं नेहमी वाजतं. लंडनमध्ये जुन्या वाईनचा बाजार आहे, लिलाव आहेत, आजचा भाव कळतो. आपल्याकडे खासगी माणसाने लायसन्सशिवाय बाटली विकणंच बेकायदा, त्यामुळे सेकंडहँड बाजार नाही आणि "बाजारभाव" दाखवायला जागा नाही. मी काय करतो, तीच बाटली किंवा तिच्या जवळचं व्हिंटेज आज भारतात आयातदाराकडे किंवा दुकानात कितीला मिळतं ते बघतो, ते नसेल तर तुमची खरेदीची किंमत. परदेशी वेबसाइटवरचे डॉलरचे आकडे छापून त्यावर ड्युटी चढवून आणलेत तर मी ते बाजूला ठेवतो, तुम्ही ड्युटी भरलेली नसताना ती मी का देऊ?

आणि हे कटू आहे पण बोलतो. फ्रिज जुना होतो तसा घसारा मी चांगल्या बरोलोवर लावत नाही, ती ठेवूनच सुधारते. पण नाशिकची पांढरी वाईन, सोव्हिन्यों ब्लां किंवा शेनिन ब्लां, दोन-तीन वर्षांत पिऊन टाकायची असते, तुमच्या यादीत 2015 ची असेल तर माझ्या हिशोबात ती शून्य. मी पाहिलेल्या घरगुती कलेक्शनमध्ये बऱ्याच बाटल्या अशा, खास प्रसंगासाठी ठेवून ठेवून कधीच मेलेल्या. तो प्रसंग कधी येतच नाही, हाही आपला स्वभाव.

मुलीच्या जन्मसालाच्या मॅग्नमचं काय म्हणाल तर तिची किंमत खरेदीची पावती म्हणेल तेवढीच. भावनेचा रकाना माझ्या फॉर्ममध्ये नाही. तुम्ही तिच्या एकविसाव्याला उघडणार होता असं लिहिलंय, ते वाचून मीही थोडा वेळ थांबलो. तीच वाईन, तेच साल, अजून शोधून मिळू शकतं, आत्ता नाही, दोन-चार वर्षांत कोणीतरी येताना आणेल.

कोणी नेल्या हा पोलिसांचा प्रश्न, पण तपास अधिकाऱ्याला एक गोष्ट आवर्जून सांगा. साधा घरफोड्या सोनं-नाणं शोधतो, ते नसलं की टीव्ही, लॅपटॉप, आणि जाता जाता बारमधली स्कॉच उचलतो. स्कॉचचं नाव त्याला कळतं, खपवताही येते. 110 बाटल्या म्हणजे कार्टन धरून दीडशे किलोच्या घरात वजन, गाडी लागते, दोन-तीन माणसं लागतात, वेळ लागतो. तुमची स्कॉच तशीच राहिली आणि वाईन निवडून गेली असेल तर त्यांना घरात काय आहे आणि तुम्ही कधी परतणार हे माहीत होतं. 2017 च्या ऑगस्टमध्ये पॅरिसमध्ये लक्झेंबर्ग बागेजवळच्या एका इमारतीच्या खासगी तळघरातून 300 च्या आसपास बाटल्या गेल्या, अडीच लाख युरोंच्या, चोर जमिनीखालच्या जुन्या भुयारांतून आले आणि दगडी भिंतीला भोक पाडून नेमके त्याच तळघरात उतरले. असं भोक कोणी अंदाजाने पाडत नाही. आणि गोल्डमन सॅक्स या अमेरिकन बँकेचे बडे साहेब डेव्हिड सोलोमन यांच्या पर्सनल असिस्टंटवर 2018 मध्ये आरोप ठेवला गेला की त्याने साहेबांच्या 12 लाख डॉलरच्या बाटल्या दोनेक वर्षांत हळूहळू विकल्या. वाईन घरी पोचवायचं काम त्याचंच होतं.

म्हणून लगेच घरकामाच्या मावशींकडे बोट दाखवू नका, गरिबावर संशय घेणं सगळ्यात सोपं आणि बहुतेक वेळा चुकीचं. उलट फ्रिजचं सर्व्हिसिंग करून गेलेले, पार्टीला आलेले, मित्राचे मित्र, तुमचे रॅकचे फोटो जिथे जिथे गेले ते ग्रुप, आणि "चाललो कोकणात, गणपती बाप्पा मोरया" म्हणून टाकलेलं स्टेटस, हे सगळं आठवा आणि शांतपणे सांगा.

माल सापडला तर? सापडतो कधीकधी, पण खरी गंमत तिथून पुढे. बाटल्या मुद्देमाल म्हणून जप्त होतात आणि ठाण्याच्या मुद्देमाल खोलीत जातात, पत्र्याचं छप्पर, पंखा नाही, शेजारी जप्त केलेल्या मोटरसायकली. ज्या वाईनला तुम्ही बारा वर्षं 13 डिग्रीत ठेवलंत ती एप्रिल-मेमध्ये 40 डिग्रीत उभी. कॉर्क वर सरकतो, कॅप्सूलखालून चिकट ओघळ येतो, आत वाईन शिजते. त्यामुळे सापडल्याचा फोन आला की पेढे वाटत बसू नका, त्याच आठवड्यात वकिलामार्फत कोर्टात अर्ज करा, बीएनएसएस 497 आणि 503 खाली, की फोटो, व्हिडिओ आणि पंचनामा करून माल सुपुर्तनाम्यावर (कोर्ट मागेल तेव्हा हजर करीन अशा लेखी हमीवर) परत द्यावा, नाशवंत आहे. 497 मध्ये वर्णनाची नोंद 14 दिवसांत आणि त्यानंतर विल्हेवाटीचा आदेश 30 दिवसांत अशी मुदतच घातलीय. सुंदरभाई देसाई विरुद्ध गुजरात सरकार या 2002 च्या निकालातही सुप्रीम कोर्टाने हेच सांगितलंय, मुद्देमाल ठाण्यात सडवत ठेवू नका. अर्जात तापमानाचा मुद्दा स्पष्ट लिहा, कोर्टाला वाईनची सवय नसते. आणि इथे परमिटचा प्रश्न परत उभा राहतो, बाटल्या परत मागणाऱ्याला त्या बाळगायचा हक्क दाखवावा लागतो. तोवर क्लेम मिळालेला असेल तर सापडलेला माल कंपनीचा होतो हेही लक्षात असू द्या, गुपचूप घरी आणू नका.

क्लेम नाकारला तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी जा, महिनाभरात उत्तर नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल, पुण्यात ऑफिस आहे, फी नाही, वकील लागत नाही, 50 लाखांपर्यंतचे वाद घेतात. नकार मिळाल्यापासून वर्षाच्या आत जायचं.

राहिल्या त्या सहा बाटल्या. दुःखात उघडून पिऊ नका, निदान अजून नाही. फ्रिजचं दार उघडं होतं, किती दिवस ते तुम्हालाही माहीत नाही, म्हणजे त्याही बिघडलेल्या असू शकतात, आणि घरफोडीत झालेलं नुकसान काही पॉलिसींत चोरीइतकंच धरतात. आहे त्या खणात तशाच आडव्या ठेवा, दार बंद करून फ्रिज चालू करा, फ्रिजचं बिल आणि कंप्रेसर जळला असेल तर मेकॅनिकचं लेखी मत काढून ठेवा. सर्व्हेयर आला की त्याच्यासमोर एक उघडा. वास मनुकांच्या पाकासारखा, शिजवलेल्या जॅमसारखा आला तर त्याला ग्लास द्या आणि हुंगायला लावा, रिपोर्टमध्ये ती ओळ लिहून घ्या. चांगली निघाली तर मग उरलेल्या पाच तुमच्या.